मातीला दिलेला तुकडा

बाय, सकाळपासून माझी टेकाडावर येरझार चालू आहे. जामसरच्या आपल्या घरात मोबाइलला रेंज येत नाही, हे तुला सांगायला नको. मागच्या टेकाडावर करवंदाच्या जाळीपाशी उभं राहिलं की एखादी काडी दिसते, तीही तिची मर्जी असेल तर. नाशिकच्या डॉक्टरीणबाई आज नाहीतर उद्या फोन करते म्हणाल्या आहेत. मी खाली उतरले की आई नागली पाखडायची थांबते, माझ्या तोंडाकडे बघते, आणि काही न विचारता पुन्हा सूप हलवायला लागते.

तू असतीस तर थोरल्या बहिणीच्या हक्काने मला हाताला धरून खाली बसवलं असतंस. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे तू मला किती वेळा ऐकवलंस! शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढलं असेल का, म्हणून मी आदल्या दिवशीपासून रडायचे. डी.एड.चा निकाल लागायच्या आधी मला ताप भरला होता. खोडाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, बाई झाले, तरी पहिल्या दिवशी वर्गाच्या दारातून दोनदा मागे फिरले. तू पोट धरून हसायचीस. या वेळी मात्र ब्रह्मराक्षस खरोखरच आला आहे. तुला झाली तीच गाठ मला झाली आहे, बाय. डाव्या बाजूला, बोराएवढी.

तू गेलीस तेव्हा भात पोटरीला आलं होतं. आता खळ्यावर झोडणी चालली आहे. मध्ये दोन-अडीच महिनेच गेले, आणि तेवढ्यात तुला सांगण्यासारखं इतकं साचलं आहे की कुठून सुरू करू कळत नाही. त्यात आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे.

आधी उपकार मानते, म्हणजे मग भांडायला मोकळी. ही गाठ सापडली ती तुझ्यामुळे. शेवटी शेवटी तुला धड बोलवतही नव्हतं, तरी एका दुपारी माझा हात ओढून तू आपल्या काखेजवळच्या टणक जागेवर ठेवलास. "असा लागतं हाताला," म्हणालीस. "असा आपला आपुन चाचपून बघायचा. बघशील ना?" मी हो म्हटलं आणि हात काढून घेतला. मला त्या क्षणी पळून जावंसं वाटत होतं. पण तुझं दिवसकार्य आटोपल्यावर न्हायला बसले, आणि साबणाचा हात फिरता फिरता थांबला. तुझा हात माझ्या हातावर असल्यासारखा थांबला. जव्हारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "लवकर आलात." हे दोन शब्द तुला कुणी म्हटले नव्हते, म्हणून मला ते ऐकून आनंदही झाला नाही. मी तिथेच खुर्चीवर रडत बसले आणि डॉक्टरांना वाटलं, मी घाबरून रडते आहे. तसं घाबरले होतेच म्हणा.

गाठ कॅन्सरचीच आहे, हे पहिल्या रिपोर्टात आलं. आता वाट आहे ती दुसऱ्याची. त्यात रिसेप्टर आहेत की नाहीत ते कळणार. आठवतं ना, हा शब्द मी तुला कसा समजावला होता? पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, पण ते ऐकून तू तोंड वाकडं केलंस. मग मी म्हटलं, बाय, जव्हारच्या स्टँडवर गाडी लागली की तू काय करतेस? खिडकीतून रुमाल टाकतेस. गर्दी दारात रेटारेटी करत राहते आणि तुझी सीट धरलेली असते. पेशीचंही तसंच आहे. पेशीत बसायच्या काही जागा असतात. अंगातलाच एखादा रस, म्हणजे हॉर्मोन, रक्तातून येतो आणि त्या जागेवर बसतो. तो बसला की पेशीला हुकूम मिळतो, वाढ. कॅन्सरची पेशी त्या हुकमावर वाढतच सुटते. औषध काय करतं, तर तुझ्यासारखं आधीच त्या जागेवर रुमाल टाकतं. मग रस येतो, बघतो, आणि बसायला जागा नाही म्हणून हात हलवत जातो. पण यासाठी पेशीत मुळात सीट हवी. काही गाठींत असली सीटच नसते. तिथे हे रुमाल कामाचे नाहीत, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून औषध ठरवायच्या आधी गाठीचा तुकडा तपासायचा असतो.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग डोळे बारीक करून विचारलंस, "नि कोनी रुमाल उचलून बसला तं?"

मी म्हटलं, तसं नाही होत. पण तसंही होतं, बाय. काही पेशी पुढेमागे रुमालाला जुमानत नाहीत. मला ते ठाऊक होतं. तुला सांगवलं नाही, आणि आता टेकाडावर उभी राहून मी तुझाच प्रश्न मनात घोळवते आहे.

आता भांडणाकडे वळते. गेल्या वर्षी श्रावणात जव्हारला तुझी गाठ काढली. डॉक्टरांनी निळ्या झाकणाची प्लास्टिकची बरणी दिली आणि सांगितलं, ही नाशिकच्या लॅबला पोचवा. आपल्याकडे असंच असतं. काढलेला तुकडा घरच्यांनीच नेऊन द्यायचा. ती बरणी भावजींच्या हातातून तू घेतलीस आणि पिशवीत घातलीस. मी खोडाळ्याहून फोनवर विचारलं, "लॅबचं झालं का गं?" तू म्हणालीस, "झाला. रिपोट येल." त्यानंतर मी विचारलं की येल, येल. टाके सुकेपर्यंत तू आईकडे जामसरला राहिलीस, मग वांगणीला सासरी गेलीस, आवणीच्या भातात निंदायलाही उतरलीस. दिवाळी झाली आणि पाड्यातली सगळी माणसं निघाली तशी तू नि भावजी वीटभट्टीवर गेलात. आपल्याकडे याला जगायला जाणं म्हणतात. निघताना तू मला म्हणालीस, "होळीला येतां. तवर मना फोन करून भंडावू नको."

होळीला आलीस ती कंबर धरून, डोळे पिवळे झालेले. आम्ही तुला नाशिकला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे? रिसेप्टर काय आले होते?" तू माझ्याकडे बघितलंस, मी भावजींकडे, भावजी छताकडे. मी तणतणत जामसरला आले, आईने कुठे कागद ठेवला असेल तर बघू म्हणून. कागद कुठचा! चुलीवरच्या फळीवर निळ्या झाकणाची बरणी होती. चिठ्ठी धुऊन निघाली होती, पण तुझं नाव अजून पुसट दिसत होतं. आत वालाचं बी भरलेलं.

"ता होय?" आई म्हणाली. "सुमनच्या दवाखान्यातली. चांगली घट झाकनाची हाय. किडा लागत नाय."

आणि आतलं? आतलं तुम्ही दोघींनी घरामागे चिंचेखाली पुरलं होतं. आईने मला नेऊन दाखवलं. वर सपाट दगड ठेवलेला होता, तांदूळ वाहिलेले होते. आपण जन्मलो तेव्हा आपल्या दोघींची वार जिथे पुरली तिथेच. सुईणीने आईला आणि आईने तुला शिकवलेलं, अंगातून निघालं ते उघड्यावर टाकायचं नाही, परक्याच्या हाती द्यायचं नाही, मातीला द्यायचं. बाळाची वार असो की गाठ असो, तुमच्या लेखी अंग ते अंग. यात आईला काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. मी विचारलं असतं तर तिने तेव्हाच सांगितलं असतं. मला विचारायचं सुचलं नाही, कारण असं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

मी दवाखान्यात परत येऊन तुझ्यावर ओरडले. आजारी माणसावर, आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघत असताना. तूही कुठे ऐकून घेणारी होतीस!

"माझा मांस हाय. कुठं ठेवायचा ता मी ठरवीन. त्यांनी कापून कचऱ्यात फेकला असता. मी तुझ्या वारेच्या बाजूला ठेवला."

"अगं, त्या तुकड्यात तुझं औषध होतं!"

"औषध नव्हता त्यात. रोग होता."

यावर पुढे कितीतरी दिवस मी मनातल्या मनात उत्तर जुळवत होते, आणि ते आता जुळलं आहे, बैल गेला नि झोपा केला तसं. रोग होता, कबूल. पण औषधाचा पत्ता रोगाच्याच अंगावर लिहिलेला असतो, बाय. तो तू न वाचताच मातीत घातलास. हे मला तुला सांगायचं होतं आणि तुझं त्यावरचं उत्तर ऐकायचं होतं. तुझ्याकडे असणारच काहीतरी.

डॉक्टरीणबाईंनी मार्ग काढला होता. म्हणाल्या, रोग यकृतात पोचला आहे, तिथल्या गाठीतून सुईने नवीन तुकडा घेऊ, तो तपासू, अंगात थोडी ताकद येऊ दे. तू मान हलवलीस. "एकदा दिला. आता नाय." मी हातापाया पडले. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. ताकद काही आली नाही, आणि तुझ्या अंगात ती जागा होती की नव्हती हे कुणालाच कळलं नाही. तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. रोज सकाळी उठून पुन्हा नव्याने चिडते, आणि मग तुझ्या लुगड्याच्या घडीवर हात फिरवत बसते.

आता माझं ऐक. जव्हारला डॉक्टरांनी माझ्या गाठीत जाड सुई घातली आणि शेवयांसारखे बारीक तुकडे काढले. तुझ्या बरणीपेक्षा छोटी बाटली, पण तुकडा टिकवायचं तेच औषधी पाणी, तेच वाक्य, "नाशिकच्या लॅबला पोचवा." त्या दिवशी पुढची गाडी नव्हती म्हणून मी जामसरला आले. बाटली फळीवर ठेवली, घटकाभर आडवी झाले आणि मग हातपाय धुवायला मागे गेले, तर आई कुदळ घेऊन वाकलेली. तुझ्या दगडाच्या शेजारी तिने खड्डा खणला होता. चांगला हातभर खोल.

मी कुदळीचा दांडा धरला. "आई, हे पुरायचं नाही."

आईने माती हाताने बाजूला सारली. "तिच्या बाजूला जागा हाय," म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. एका लेकीचं जसं केलं तसं दुसरीचं करायचं, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. मी तिथेच चिंचेखाली बसून तिला सगळं सांगितलं, पेशी, सीट, रुमाल. ती खड्ड्याकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग मी पन येतां. बाटली मी धरीन."

जव्हारच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली तेव्हा तू हवी होतीस. दारात ही गर्दी! मी धक्के खात होते आणि बघते तर आईने भाकरीचं गाठोडं खिडकीतून सीटवर टाकलेलं. एका माणसाने ते उचलून बाजूला ठेवलं आणि तो बसला. आईने त्याला उठवलं की नाही ते विचारूच नको. मोखाड्यापर्यंत तो उभ्याने आमच्याकडे रागाने बघत होता. बाटली आईच्या पदराखाली, मांडीवर. वळणावर गाडी कलली की ती दोन्ही हातांनी पोट सांभाळावं तशी बाटली सांभाळायची.

लॅबच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. मी बाटली सरकवली, पण आईने बोटं सोडली नाहीत. "परत देनार ना?"

मी शरमले. मुलगी हसली नाही. म्हणाली, "आजी, हे तुकडे मेणात बसवून ठोकळा करतात. त्याच्या पातळ पातळ चकत्या काढून, रंग लावून बघतात. उरलेला ठोकळा आमच्याकडे जपून ठेवलेला असतो. तुम्ही मागितलात तर परत मिळतो."

"मिलतं?"

"हो. पुष्कळ जण नेतात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला."

आईने बोटं सोडली. बाहेर आलो आणि ती पायरीवरच बसली. मला वाटलं, चक्कर आली. तिने वर बघून विचारलं, "सुमनचा पन दिला असता?"

"दिला असता, आई."

"मंग सांगला का नाय कोनी?"

बाय, मी विज्ञान शिकवते. पेशीचं चित्र फळ्यावर डोळे मिटून काढते. पण तुकडा तपासून झाल्यावर परत मागता येतो, हे मलाही त्या पायरीवर कळलं. तुम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तू तो आधी नाशिकला नेऊन मग मातीला देऊ शकली असतीस. दोन्ही झालं असतं. आपण ज्याच्यावरून इतक्या भांडलो, त्यात भांडायसारखं काही नव्हतंच.

त्या दिवसापासून आई शांत आहे. ठोकळा आला की पुरायचा, असं तिने ठरवून टाकलं. पण खणलेला खड्डा उघडा ठेवू नये म्हणतात, तो कुणाची तरी वाट बघतो. म्हणून तिने त्यावर जुनी टोपली पालथी घातली आहे. सकाळी तोंड धुवायला मागे गेले की आधी तुझा दगड दिसतो आणि मग ती टोपली. मी नजर वळवते. माझा विश्वास नाही अशा गोष्टींवर, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. तरी तोंड धुवायला मी आता पुढच्या अंगणात जाते.

आणि डोक्यात एकच चक्र. सीट असेल की नसेल? नसली तर काय? असली आणि कुणी रुमाल उचलून बसलं तर काय? शाळेत पोरं प्रश्न विचारतात आणि मला ते पुन्हा विचारायला सांगावं लागतं.  हे सगळं मी एरवी तुला सांगितलं असतं आणि तू मला एक शिवी हासडून झोपवलं असतंस. आता कुणाला सांगू? आईला सांगायची सोय नाही. तिची एक लेक नुकतीच गेली आहे.

इथवर लिहिलं आणि कागद तसाच ठेवून पुन्हा टेकाडावर गेले. दुपार कलली होती. जाळीपाशी पोचते तोच फोन वाजला आणि माझ्या हातातून तो निसटून करवंदीत पडला. काट्यांत हात घालून काढला. हातावर ओरखडे अजून आहेत.

"रिसेप्टर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासलेल्या दोन्ही हॉर्मोनचे आहेत, चांगले ठळक. ऑपरेशन करू. त्यापुढे आणखी काय लागेल ते बघू, पण गोळी नक्की आहे. रोज एक, बरीच वर्षं."

मी वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे जागा आहे?"

"जागा आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि ठोकळा परत नेऊ नका हं. तुमच्या आईंनी मागितला होता असं कळलं. तो राहू द्या इथे. पुढेमागे काही नवीन तपासायचं झालं तर लागेल."

मी उतारावरून कशी आले ते आठवत नाही. आईने सूप ठेवलं. मी म्हटलं, "आहे, आई. जागा आहे. गोळी मिळणार." तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. नागलीचा भुसा माझ्या गालाला लागला.  मग तिने विचारलं, ज्याची मला फोनपेक्षाही जास्त धास्ती होती ते.

"सुमनला पन होती का?"

नव्हती, तो पुरल्याने काही बिघडलं नाही, असं म्हटलं असतं तर तिच्या छातीवरचा दगड उतरला असता. कुणाला कळणार होतं? माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण तुझ्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळली नाही. तुझ्या अंगात काय होतं ते मला माहीत नाही, बाय, आणि आता कधीच होणार नाही.

"कळायचं नाही आता, आई," मी म्हटलं.

तिने मान हलवली.  मग डोळे पुसून म्हणाली, "ठोकला कधी देनार?"

"देणार नाहीत. त्यांनी ठेवून घेतला. पुढे लागेल म्हणतात."

मला वाटलं, आता ती हट्ट धरेल. ती उठली आणि घरामागे गेली. मी मागोमाग गेले. तिने टोपली उचलली, खड्ड्यात वाकून बघितलं, आणि कडेची माती पायाने आत लोटायला सुरुवात केली. मी कुदळ घ्यायला गेले तर मला हाताने थांबवलं. माती भरली, वरून पावलांनी दाबली, चांगली सपाट केली. मग तुझ्या दगडावरची चिंचेची पानं पदराने झाडली आणि तिथे चिमूटभर तांदूळ वाहिले.

माझी भीती गेलेली नाही, बाय. ऑपरेशन व्हायचं आहे, गोळी लागू पडते का ते बघायचं आहे, आणि तुझा तो रुमालाचा प्रश्न माझ्या उशाशीच असणार आहे. पण एवढं तुला कळवायचं होतं. तुझ्या शेजारचा खड्डा आईने रिकामाच बुजवला.